एलएस1 चा रॉड की एलएस7 चा?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँकशाफ्ट जोडणारा दांडा) हातात आला की नजर आधी कॅपच्या, म्हणजे खालच्या कड्याच्या सुट्या अर्ध्या भागाच्या, जोडावर. 1997 च्या शेव्हरोले कॉर्व्हेट गाडीतल्या एलएस1 इंजिनाचा रॉड पावडर-फोर्ज्ड, म्हणजे धातूची भुकटी दाबून घडवलेला. बिग एंड, म्हणजे क्रँकवर बसणारं मोठं टोक, अखंड बनवून मग कॅपच्या जोडावर फोडतात. खरखरीत तोंडं मोडलेल्या भाकरीसारखी एकाच जागी बसतात. म्हणून कॅप घासून भोक पुन्हा गोल कापायची (बोअर मारायची) आपली जुनी पद्धत इथं बाद. कॅपची अदलाबदल तर विसराच!

2006 च्या कॉर्व्हेट झेड06 मधल्या 7.0 लिटर एलएस7 इंजिनाला टायटॅनियम रॉड. वजन कमी, त्यामुळे 7,000 आरपीएमला बोल्ट आणि क्रँकवरचा ताणही कमी. पण टायटॅनियम घासलं की चिकटतं, बाजूंना कोटिंग लागतं. त्यावर फाईल फिरवणाऱ्याला मी इंजिन देणार नाही. रोजच्या गाडीला एलएस1 चाच रॉड बरा.