डिहायड्रेटर घ्यावा का? जांभळासाठी घ्या, करवंदाला मेचं ऊन पुरतं

गोल, पाच ट्रेचा, २५० वॅटचा आणि तळाशी पंखा असलेला डिहायड्रेटर, म्हणजे गरम हवेने फळं वाळवणारं यंत्र. ऑनलाइन शोधलं की सगळ्यात आधी दिसतो तो हाच प्रकार. इथे तो एकाच कामावर तपासला आहे: रानातली करवंदं आणि जांभळं कमी साखरेत वाळवणं. सफरचंदाच्या चकत्या कुठलाही डिहायड्रेटर वाळवतो, त्यावरून त्याची लायकी कळत नाही. जांभळाचा गर मात्र कस काढतो.

आधी साखरेचा हिशेब. फळाच्या पोळीची (आंबापोळीसारखा वाळवलेल्या गराचा थर) जुनी कृती म्हणजे गराइतकी साखर. एक किलो गर आणि एक किलो साखर वाळवली, की तयार पोळीत जवळजवळ पाऊण हिस्सा साखरच उरते. ती नुसती गोडीसाठी नसते. साखर गरातलं पाणी धरून ठेवते, बुरशीला ते वापरू देत नाही, आणि पोळी मऊही ठेवते. म्हणून साखर कमी केली की गर जास्त वाळवावा लागतो, आणि जास्त वाळवला की पोळी कडकडीत होऊन तुटते. कमी साखरेची पोळी साधायची तर तापमान हातात हवं, आणि डिहायड्रेटरचा खरा उपयोग तिथेच आहे.

करवंदं एप्रिल-मेमध्ये पिकतात. तेव्हा ऊन फुकट आहे. तूप पुसलेल्या स्टीलच्या ताटात गर ओतावा, वर मलमलचं कापड ताणून बांधावं, खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत म्हणजे मुंग्या चढत नाहीत. दोन कडक दिवसांत पोळी सुटते. एवढ्यासाठी यंत्र घ्यायची गरज नाही.

जांभळाचं तसं नाही. कोकणात जांभूळ भरात येतं आणि पाऊस दाराशी उभा असतो. गच्चीवर ठेवलेला गर दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारतो. यंत्रात मात्र ३० अंशांची, ९० टक्के दमट हवा ६० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे २० टक्क्यांवर येते. म्हणजे भर जूनमध्येही ट्रेवरून कोरडी हवाच फिरते.

गर काढताना दोन फळांना दोन वेगळ्या रीती लागतात. पिकलेली काळी करवंदं मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवावीत. किलोला अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर सालं फुटेपर्यंत, आठ-दहा मिनिटं, शिजवावीत आणि पुरणयंत्रातून फिरवावीत. बिया जाळीवर राहतात. देठाशी हिरवट राहिलेली वेगळी काढा, त्यांचा चीक गाळणीला असा चिकटतो की तेल चोळल्याशिवाय निघत नाही. जांभळं मात्र बियांसकट शिजवू नका आणि मिक्सरमध्ये तर मुळीच घालू नका. बी फुटली की तुरटपणा गरात उतरतो आणि मग साखर वाढवण्यावाचून इलाज राहत नाही. कच्चीच हाताने कुस्करून चाळणीवर चोळावीत, मग तो गर वाफा येईपर्यंत दोन-तीन मिनिटं गरम करावा. रानजांभूळ लहान आणि बी मोठी, त्यामुळे निम्माच गर मिळेल असं धरून चाला. भांडं स्टीलचंच. लोखंडात जांभूळ काळं पडतं आणि ॲल्युमिनियमला आंबटपणा खातो.

प्रमाण: जांभळाचा गर ८०० ग्रॅम, करवंदाचा गर २०० ग्रॅम (मेमध्ये काढून फ्रीझरमध्ये ठेवलेला), दोन चांगली पिकलेली केळी, ८० ग्रॅम साखर, दोन चिमटी मीठ. करवंदातल्या पेक्टिनमुळे पोळी धरून राहते, केळ्याने ती लवचिक होते, मिठाने तुरटपणा दबतो. गूळ टाळा, तो हवेतला ओलावा ओढतो आणि पावसाळ्यात पोळी पाझरते. तयार माल ३०० ग्रॅमच्या आसपास भरतो. वरून घातलेली साखर त्यात पाव हिस्सा. केळ्याची आणि फळाची साखर त्याशिवाय, तेव्हा मधुमेह असलेल्यांनी ही पोळी ‘बिनसाखरेची’ समजून खाऊ नये.

आता यंत्राकडे. एका ट्रेवर साधारण पाव किलो गर बसतो, म्हणजे वरचं सगळं मिश्रण एका घाण्यात होतं. थर साडेतीन मिलिमीटरचा, आणि कडेला किंचित जाड, कारण कड आधी वाळते. अडचण अशी की यंत्रासोबत सिलिकॉनची एकच शीट येते. पातळ गराला पाचही ट्रेवर शीट लागते, उरलेल्या चार वेगळ्या घ्याव्या लागतात, आणि मधलं भोक मापाचं मिळेलच असं नाही. बटर पेपर कापून चालतो, पण त्याला तुपाचा हात लावल्याशिवाय पोळी सुटत नाही.

दुसरा दोष मोठा आहे. पंखा आणि हीटर तळाशी, त्यामुळे गर पातळ राहिला आणि मधल्या भोकातून ओघळला तर थेट हीटरवर पडतो. जळका वास पाचही ट्रेंना लागतो. म्हणून गर पळीवरून धारेने नव्हे, गोळ्याने पडेल इतका आटवूनच पसरा.

तिसरा दोष बटणाचा. ६० वर ठेवून आत ओव्हनचा थर्मामीटर ठेवला, तर तळाच्या ट्रेवर ६३ आणि वरच्यावर ५४-५५. म्हणून दर दोन तासांनी खालचा ट्रे वर, वरचा खाली. हे चुकलं की तळाची पोळी पापड आणि वरची चिकट. लवकर व्हावं म्हणून ७० वर नेऊ नका. वरून कातडं धरतं, आतलं पाणी अडकतं आणि आठवड्यात पोटात बुरशी येते. ६० अंशांवर आठ ते दहा तास लागतात. वीज जास्तीत जास्त अडीच युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर २० रुपये.

पोळी झाली हे घड्याळावर नाही, बोटावर ठरतं. चमक गेलेली असावी, मधोमध दाबलं तर बोटाला गर लागू नये, आणि दुमडली तर चीर पडू नये. कोमट असतानाच सोलावी. पूर्ण थंड झाली की शीटला धरते, गरम असताना ताणते. जूनमध्ये वीज गेली तर तासाभरासाठी झाकण उघडू नका. पहिल्या तीन तासांत गेली आणि दोन तासांत आली नाही, तर ट्रे फ्रिजमध्ये हलवा.

गर न काढता करवंदं वाळवायची असली तर चिरून बी काढावीच लागते. साल मेणचट असल्यामुळे अख्खं फळ बाहेरून सुरकुततं आणि आत ओलंच राहतं. फोडींना १२ ते १४ तास लागतात. काचेच्या बरणीत आठवडाभर ठेवून रोज हलवा. काचेवर दव दिसलं तर पुन्हा यंत्रात. या फोडी नाचणीच्या लाडवात फार चांगल्या लागतात: नाचणीचं पीठ २०० ग्रॅम, ६० ग्रॅम तुपावर मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं खमंग भाजलेलं, त्यात ८० ग्रॅम खजुराचा लगदा, ६० ग्रॅम बारीक चिरलेल्या फोडी, ४० ग्रॅम भाजलेले तीळ. वळताना भुगा झाला तर तूप वाढवू नका, खजूर थोडा वाढवा.

फळ ओळखीचंच तोडा, आणि आंबा-काजूच्या फवारणी झालेल्या बागांच्या कडेचं नको. घाटात बायका पानाच्या द्रोणात विकतात ती करवंदं घेतली तरी मिठाच्या पाण्यातून काढा.

मग घ्यावा का? हंगामात पाच-सहा किलो जांभळं हाताशी येत असतील तर जरूर. फक्त करवंदं असतील तर नको. वर्षभर वाळवणं करणार असाल तर मागून आडवी हवा देणारा चौकोनी प्रकार महाग असला तरी तोच घ्या. ट्रे फिरवावे लागत नाहीत आणि काही ओघळलं तरी हीटरवर पडत नाही.

पोळी बटर पेपरमध्ये गुंडाळून हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये तीन महिने राहते, बाहेर दोन-तीन आठवडेच. पांढरे ट्रे पहिल्याच घाण्यात जांभळे होतात आणि तो डाग जात नाही, तेव्हा काळ्या ट्रेचा मिळाला तर तो बघा.