गोव्याच्या रानात निकॉन मोनार्क एम५ ८×४२

मोले, बोंडला, खोतीगाव इथल्या दाट रानांत पक्षी पाहायचे असतील, तर ही दुर्बीण डोळे झाकून घ्यावी. दहापट दुर्बिणीचा मोह मात्र टाळा. ८×४२ मधले ८ म्हणजे आठपट मोठं दिसणं, ४२ म्हणजे पुढच्या काचेचा मिलिमीटरमधला व्यास. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ मिलिमीटर, एवढ्या रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. १०×४२ मध्ये तो ४.२ वर येतो. मलबारी कर्णा सावलीतल्या फांदीवर निश्चल बसतो, तेव्हा त्याच्या पोटाचा लाल रंग दिसणं न दिसणं या फरकावर ठरतं. शिवाय दहापटीत हाताची थरथरही तेवढीच मोठी होते.

रंग फाकू न देणाऱ्या ईडी काचेचा खरा फायदा पावसाळी पांढऱ्या आभाळावर कळतो. साध्या दुर्बिणीत उडत्या धनेशाच्या काळ्या पंखांना जांभळट कड दिसते, इथे ती जेमतेम जाणवते. वजन ६३० ग्रॅम. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप पूर्ण खाली ठेवा, चित्र कापलं जात नाही.

उणीव एकच, पण ठळक. दृश्यक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारी रुंदी, ६.४ अंश, म्हणजे हजार मीटरवर ११२ मीटर. निकॉनच्याच स्वस्त प्रोस्टाफ पी३ ८×४२ मध्ये ते ७.२ अंश आहे. शेंड्यावर भिरभिरणारे वटवटे म्हणूनच हातचे निसटतात. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची सवय करा.

घेतल्याबरोबर डोळ्यांचा फरक जुळवा. उजवी पुढची काच झाका, डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर दूरची पाटी स्पष्ट करा. मग डावी झाका, चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याकडची कडी फिरवा. हे न केल्यानेच अनेकांचं डोकं दुखतं आणि दोष दुर्बिणीवर येतो.

करमळीच्या तळ्यावर पलीकडच्या काठावरचे टिलवे आणि चिखल्या हे छोटे पाणपक्षी ओळखायला आठपट पुरत नाही, तिथे तिवईवरचा स्कोपच, म्हणजे एका डोळ्याने पाहायची जास्त पटीची दुर्बीण, हवा.

आत नायट्रोजन असल्याने आतून वाफ धरत नाही. बाहेरच्या काचेला ते लागू नाही. एसी गाडीतून उतरल्यावर पिशवी पंधरा मिनिटं बंदच राहू द्या. मोरजीच्या किनाऱ्यावरून आलात तर आधी ब्लोअरने रेती उडवा, मग ओलसर मऊ कापड. कोरडं घासलं की मीठ काचेवरच्या लेपावर ओरखडे काढतं. जून ते सप्टेंबर कापडी पिशवीत कपाटात ठेवलीत तर काचेवर बुरशी आलीच समजा. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या ओल शोषणाऱ्या दाण्यांसोबत ठेवा, आणि दाण्यांचा रंग पालटला की ते लगेच बदला.