क्रॉम्प्टन पार्किन्सनचा १६ इंची टेबल फॅन : एक उन्हाळा वापरून, आणि त्याच्या पट्टीसाठी भांडून

मे महिन्यात, ऐन उकाड्यात, पंखा गुणगुणायला लागला आणि फिरेना. पात्याला बोटानं ढकललं की सुरू व्हायचा, बंद केला की पुन्हा तेच. तोवर तीन महिने मी त्याचं कौतुक करत होते. इचलकरंजीत यंत्रमागांमुळे मोटर रिवाइंड करणारे गल्लोगल्ली आहेत, म्हणून काळजी वाटली नाही. त्यातल्या एका दुकानात पंखा दिला. दोन दिवसांनी बघायला गेले तर पंख्याच्या मागच्या बाजूची नावाची पट्टी छिन्नीनं उचकटलेली, चारातल्या दोन रिव्हेट उडालेल्या, आणि पट्टी तांब्याच्या जळक्या तारांच्या घमेल्यात.

“ताई, काय करायचाय तो पत्रा? पावडर कोटिंग करून देतो, जाळीला क्रोम मारतो, नव्यासारखा दिसंल की,” असं दुकानातले काका म्हणाले. मनानं वाईट नाहीत ते. पण मी तिथंच मोठ्यानं बोलले आणि कोटिंग, क्रोम, सगळं थांबवलं. जुन्या पंख्याची एकच गोष्ट पुन्हा मिळत नाही, ती म्हणजे ही पट्टी. कॉइल भरता येते, बुश, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी, ओतून, टर्न करून मिळतो, जाळी वाकवून सरळ होते. पट्टी गेली की उरतं ते वजनदार बिडाचं धूड, त्याचं वय कुणी काहीही सांगावं.

पंखा कसा दिसतो हे सांगत बसत नाही. असे पंखे जुन्या बँकांत, शाळांच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांनी पाहिलेत. जड बैठक, गतीचं बटण बैठकीतच, मान फिरवायची खुंटी मोटरच्या डोक्यावर. मिरजेतल्या एका वाड्याचं सामान निघालं तेव्हा भंगाराच्या ढिगातून तो बाहेर काढला. विकणाऱ्यानं “इंग्रजांच्या काळातला, १९२० चा” म्हणून भाव चढवला होता. पट्टी वाचली आणि निम्म्यावर आणला. कसा, ते सांगते, कारण हे ज्याला जमतं त्याचे पैसे वाचतात.

पट्टीवर नाव आहे क्रॉम्प्टन पार्किन्सन. क्रॉम्प्टन ही इंग्लंडमधली जुनी कंपनी, कर्नल क्रॉम्प्टन यांनी १८७८ मध्ये चेम्सफर्डला सुरू केलेली. पण पार्किन्सन हे नाव तिला १९२७ मध्ये जोडलं गेलं. म्हणजे १९२० मध्ये या नावाची पट्टी छापलीच जाऊ शकत नव्हती. विषय तिथंच संपतो. त्याखाली ‘मेड इन इंडिया’ असं आहे. मुंबईत क्रॉम्प्टन पार्किन्सन वर्क्स उभं राहिलं १९३७ मध्ये. म्हणजे खालची हद्द आणखी दहा वर्षं पुढे सरकली. १९६६ मध्ये कंपनीचं नाव झालं क्रॉम्प्टन ग्रीव्हज, आज आपण ओळखतो ते. म्हणजे वरची हद्द ती. एका नावावरून एवढं कळतं, आणि यासाठी पंखा उघडावाही लागत नाही.

आता बारीक अक्षरं. माप ‘१६ इंच’ असं आहे, ‘४०० मिमी’ नाही. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. १९५८ पासून ती टप्प्याटप्प्यानं आली आणि १९६२ पर्यंत सक्तीची झाली. वारंवारतेपुढे ‘सी/एस’ आहे, म्हणजे सेकंदाला इतक्या सायकल. ‘हर्ट्झ’ नाही. हर्ट्झ हे एकक म्हणून जगभर रुळलं ते १९६० नंतर, आणि आपल्या पट्ट्यांवर यायला त्यानंतरही वेळ लागला. आय.एस.आय.चा शिक्का नाही. तो शिक्का १९५५ पासून दिला जाऊ लागला, त्यामुळे ज्याच्यावर आहे तो पंखा १९५५ च्या आधीचा नक्की नाही. उलटं मात्र म्हणता येत नाही. शिक्का नाही म्हणून पंखा जुना, असं विकणारे सर्रास सांगतात. शिक्का घेणं तेव्हा ऐच्छिक होतं, कित्येकांनी घेतलाच नाही.

हे सगळं जोडून मी माझ्या पंख्याचं वय १९३७ ते १९६२ च्या आसपास असं धरते. यापेक्षा नेमकं वर्ष मी लिहिणार नाही. “१९४८ चा आहे” असं छातीठोक सांगणाऱ्याला एकच विचारायचं, पट्टीवर कुठं आहे ते दाखवा. पावती असेल, गॅरंटी कार्ड असेल, मूळ खोका असेल तर गोष्ट वेगळी. खोक्यावर पत्ता असतो, आणि पत्त्यात ‘बॉम्बे’पुढे एक-दोन आकडी विभाग क्रमांक असला तर तो बहुधा १९७२ च्या आधीचा. त्या वर्षी १५ ऑगस्टला सहा आकडी पिनकोड सुरू झाला.

सर्वांत जास्त गोंधळ होतो जी.ई.सी.च्या पंख्यांत. आपल्याकडे सापडणारे जुने जी.ई.सी. पंखे ब्रिटिश जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या वंशातले, बर्मिंगहॅमजवळच्या विटनच्या कारखान्याशी नातं सांगणारे. अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक, जी १८९२ मध्ये उभी राहिली, ती वेगळी कंपनी. दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. तरी विक्रीच्या जाहिरातीत जी.ई.सी.च्या पंख्याला अमेरिकन कंपनीचा इतिहास आणि तिथल्या पेटंटच्या तारखा चिकटवलेल्या मी पुन्हा पुन्हा पाहते. यानं घेणाऱ्याची सरळ फसवणूक होते आणि मला त्याचा फार राग येतो.

पेटंटची तारीख हाही असाच सापळा. अमेरिकन पंख्यांच्या पट्टीवर, मग तो जनरल इलेक्ट्रिकचा असो, वेस्टिंगहाऊसचा असो की सेंट लुईसच्या एमर्सनचा, पेटंटच्या तारखांची रांग असते. लोक सगळ्यात जुनी तारीख उचलतात आणि तेच पंख्याचं वर्ष म्हणून सांगतात. बघायची असते ती सगळ्यात शेवटची, आणि तीही फक्त ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच सांगते. तीच पट्टी पुढे कैक वर्षं ठोकली जात असे. ब्रिटिश मालावर कधी कधी ‘रजिस्टर्ड डिझाइन’चा क्रमांक असतो. हे क्रमांक १८८४ मध्ये एकपासून सुरू झाले आणि १९०० उजाडेपर्यंत साडेतीन लाखांवर पोचले. डिझाइन कधी नोंदलं ते त्यावरून कळतं. पंखा कधी बनला ते नाही.

इथपर्यंतचं मी मे महिन्यातच लिहून ठेवलं होतं. पुढचं पंखा उघडल्यानंतरचं आहे, आणि त्यानं माझं मत थोडं बदललं.

काका म्हणत होते कॉइल गेली, रिवाइंड करावं लागेल. मी म्हटलं, आधी मेगर (कॉइलचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावा आणि कंडेन्सर, म्हणजे मोटर सुरू करून देणारा कपॅसिटर, बदलून बघा. कॉइल उत्तम निघाली. कंडेन्सर मेला होता, आणि मागच्या बुशमध्ये पिवळट, चिकट राळ झाली होती. कुणीतरी वर्षानुवर्षं खोबरेल तेल घातलं असणार. खोबरेल थंडीत गोठतं, उष्णतेनं त्याचा चीक होतो, आणि बुशभोवतीच्या लोकरी नमद्यात तो असा बसतो की नंतर चांगलं तेल घातलं तरी आत जात नाही. रॉकेलमध्ये धुऊन, नवा नमदा घालून, हलकं मशीन ऑइल दिलं. बोटानं पातं हलवलं की आता ते कितीतरी वेळ फिरत राहतं. गाडीचं इंजिन ऑइल घालू नये. त्यातली साफ करणारी द्रव्यं इंजिनात ठीक, बुशमध्ये नाहीत.

मेलेल्या कंडेन्सरवर ‘हर्ट्झ’ होतं आणि आय.एस.आय.चा शिक्का होता. म्हणजे तो मूळचा नाही, मधे कधीतरी बदललेला. पण मला जास्त बोलून गेले ते स्क्रू. मागच्या जाळीचे स्क्रू बी.ए. आट्यांचे आहेत, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे, नाजूक उपकरणांसाठी वापरायचे. पुढच्या जाळीचे मात्र मेट्रिक, एम ५, म्हणजे ५ मिमी व्यासाचे. जुन्या २ बी.ए.चा व्यास ४.७ मिमी आणि आट्यांमधलं अंतर ०.८१ मिमी. एम ५ चं अंतर ०.८ मिमी. इतकं जवळचं असल्यामुळे जोर लावला की एम ५ शिरतो, पण शिरताना जुन्या आट्या खरवडून काढतो. इथं तेच झालंय. पुढची जाळी दुसऱ्या पंख्याची असू शकते, किंवा स्क्रू हरवले म्हणून कुणी मिळेल ते ठोकलंय. फेब्रुवारीत मी याला ‘पूर्ण मूळ’ पंखा म्हणत होते. आता ‘मूळ मोटर, मूळ बैठक, मूळ पट्टी, जाळीबद्दल शंका’ असं म्हणते. प्रत्येक भागाला स्वतःचं वय असतं. विकत घेताना खिशात एक २ बी.ए.चा आणि एक एम ५ चा स्क्रू ठेवायची सवय मी तेव्हापासून लावली. नव्यानं जुन्या वळणाचे पितळी पंखे बनवून ‘अँटिक’ म्हणून विकतात, तेही स्क्रूवरून पटकन उघडे पडतात.

पितळावरून आठवलं. पितळी पाती म्हणजे जुना आणि ॲल्युमिनियमची म्हणजे नवा, हे समीकरण पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या अमेरिकन पंख्यांना बऱ्यापैकी लागू पडतं. आपल्याकडच्या १९४०-५० च्या पंख्यांना लावून उपयोग नाही. माझ्या पंख्याची पाती ॲल्युमिनियमची आहेत आणि तो त्याच्या जागी अस्सल आहे.

वापराबद्दल. वारा भरदार आहे, अंगावर सपकन न येता खोलीभर पसरतो. दुरुस्तीनंतर आवाज जवळजवळ नाही. शेवटच्या गतीलाही पात्यांचा एकसारखा घुमारा येतो, झोप मोडत नाही. आमच्या प्लास्टिकच्या पंख्याची मान दोन वर्षांत लुळी पडली होती. याची मान डावी-उजवीकडे अजून ठरल्या जागेपर्यंत जाऊन परत येते. हे मला मनापासून सुखावतं.

विजेचा हिशेब मी मीटर लावून केला, कारण बिल मी भरते. पूर्ण गतीला ७० वॅटच्या आसपास. आजचा बी.एल.डी.सी., म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविना मोटरचा पंखा त्याच्या निम्म्यात काम करतो. रात्री ८ तास धरले तर महिन्याला साधारण ८ युनिट जास्त. तेवढे मी देते. दिवसभर चालवायचा असेल तर मात्र हा पंखा घेऊ नका.

जाळीच्या तारांत बोट जातं. घरात लहान मूल असेल तर तो उंचावर ठेवायचा, नाहीतर लावायचाच नाही. यात तडजोड नको. वायरही मूळची ठेवू नका. माझ्या पंख्याला सुती वेष्टनाची दोन तारांची वायर होती, आतलं रबर हात लावताच गळत होतं. अख्खी बॉडी बिडाची आणि अर्थिंग नाही, हे जीवघेणं आहे. तीन तारांची वायर टाकून बैठकीला अर्थ दिला, तोही आतून, जिथं बाहेरून काही दिसत नाही. वायर बदलल्यानं पंख्याची किंमत कमी होत नाही. जुनी वायर मी चिठ्ठी लावून पिशवीत ठेवली आहे. आणि पट्टीवर ‘डी.सी.’ (एकाच दिशेनं वाहणारी वीज) लिहिलेलं असेल तर घरच्या सॉकेटला लावून बघायचंच नाही, तिथं ए.सी. असते. पूर्वी कलकत्त्यासारख्या शहरांत डी.सी. पुरवठा होता, तिकडचे पंखे हिंडत हिंडत आपल्या बाजारात येतात. त्यात कार्बन ब्रश असतात आणि ए.सी.वर मोटर जळू शकते.

रंग मी तसाच ठेवला आहे. कडेला पोपडे उडालेत, बैठकीवर हात लागून लागून मूळचा हिरवट रंग काळपट झालाय. सुरुवातीला रंगवावा असं वाटत होतं. मागच्या जाळीची क्लिप काढली तेव्हा तिच्याखाली तोच रंग, अगदी ताजा, सापडला आणि मोटरचा रंग कारखान्यातलाच आहे हे पक्कं झालं. वरून नवा थर दिला असता तर हा पुरावा गेला असता.

पट्टी परत बसली आहे. काकांनी नंतर स्वतःहून पितळी रिव्हेट घडवून दिल्या, त्याचे पैसे घेतले नाहीत. डावीकडच्या दोन जुन्या, उजवीकडच्या दोन नव्या, त्यामुळे चमक वेगळी दिसते. ती मी मुद्दाम घासून सारखी केली नाही. कधी विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला दिसलं पाहिजे की पट्टी एकदा निघाली होती. कुणी दुसऱ्या पंख्याची पट्टी आणून लावली की रिव्हेटच चुगली करतात. भोकं जुळत नाहीत, किंवा पट्टीखालचा रंग पट्टीच्या मापाचा नसतो.

असा पंखा, पट्टी मूळ रिव्हेटसकट, कॉइल शाबूत, मान फिरणारी, असेल तर मी मागितलेल्या किमतीत फार घासाघीस करणार नाही. पट्टी नसेल तर वजनाच्या भावापेक्षा थोडे जास्त देईन, तेही बुश चांगला असेल तरच. पट्टी बफ मारून गुळगुळीत केलेली असेल तर तिचा फक्त पितळाचा भाव.