एका दिवसाचा हिशेब : ‘डेड मॅन्स स्विच’ हा भाग आमच्या समाजमंदिरात

वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, आणि तरीही आमच्या गावात दर गुरुवारी संध्याकाळी व्यसनमुक्ती गटाची बैठक भरते. या दोन वाक्यांमधील विसंगती ज्यांना कळते, त्यांना या परीक्षणाची पार्श्वभूमी वेगळी सांगण्याची गरज नाही. गेल्या महिन्यात बैठकीला पर्याय म्हणून आम्ही पडद्यावर ‘एलिमेंटरी’ या अमेरिकी गुप्तहेर मालिकेचा एक भाग पाहिला. पाहणाऱ्यांत दारू सोडलेले अकरा जण, त्यांच्यापैकी काहींच्या घरच्या बायका, गावातील आशा सेविका आणि केवळ प्रोजेक्टरच्या ओढीने आलेली चार-पाच तरुण मुले होती. भाग सुमारे पाऊण तासाचा आहे. परंतु संवाद इंग्रजीत असल्यामुळे मी मधूनमधून थांबवून अर्थ सांगत होतो आणि एकदा लाईनही गेली, त्यामुळे सगळे आटोपायला दोन तास लागले.

ही मालिका सीबीएस वाहिनीवर २०१२ ते २०१९ या काळात सात पर्वांत दाखवली गेली. तिच्यातील शेरलॉक होम्स (जॉनी ली मिलर) आजच्या न्यूयॉर्कमध्ये राहतो, आणि तो हेरॉइनच्या व्यसनातून नुकताच बाहेर पडलेला आहे. वॉटसन येथे स्त्री आहे. लूसी लिऊ हिने रंगवलेली ही जोन वॉटसन पूर्वी शल्यविशारद होती आणि होम्सच्या वडिलांनी तिला सहा आठवड्यांसाठी पगारी सोबतीण म्हणून नेमलेले असते, जेणेकरून मुलगा पुन्हा नशेकडे वळू नये. व्यसनाची ही कल्पना मालिकेने हवेतून काढलेली नाही. कॉनन डॉयलच्या १८९०च्या ‘द साइन ऑफ फोर’ या कादंबरीची सुरुवातच होम्स स्वतःला कोकेनची सुई टोचून घेतो तेथून होते, आणि १९०४ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेत डॉ. वॉटसन सांगतो की आपण त्याला त्या सवयीतून हळूहळू सोडवले, पण तो राक्षस मेलेला नाही, नुसता झोपलेला आहे. हे वाक्य मी गटाला सांगितले तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, “डॉक्टर खरा हाय.”

पहिल्या पर्वातील ‘डेड मॅन्स स्विच’ हा भाग एप्रिल २०१३ मधील आहे. त्यातील गुन्ह्याची कथाही १९०४च्याच एका होम्सकथेवरून घेतलेली आहे : मिल्व्हर्टन नावाचा खंडणीखोर लोकांची गुपिते विकत घेतो आणि पैसे न मिळाल्यास ती उघड करण्याची धमकी देतो. येथे गुपित म्हणजे एका मुलीवर झालेल्या अत्याचाराची चित्रफीत आहे आणि मदत मागणारा माणूस व्यसनमुक्तीच्या वर्तुळातील, होम्सचा स्पॉन्सर, म्हणजे स्वतः व्यसन सोडून दुसऱ्याला आधार देणारा सोबती, अल्फ्रेडो याच्या ओळखीचा आहे. होम्स खंडणीखोराच्या घरात शिरतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्या माणसाचाच खून होतो. आता मिल्व्हर्टन मेल्याचे कळताच त्याचा साथीदार सगळ्या चित्रफिती उघड करील, अशी व्यवस्था आधीच करून ठेवलेली असते. शीर्षकाचा अर्थ सांगताना मी अडखळलो, तेव्हा पुलगावला रेल्वेत नोकरी केलेल्या एका काकांनी तो माझ्यापेक्षा नीट सांगितला : इंजिन चालवणाऱ्याचा हात दांड्यावरून सुटला की गाडी आपोआप थांबावी, अशी जी कळ असते ती ही, फक्त या गोष्टीत हात सुटला की गाडी थांबत नाही, धावायला लागते. रहस्य म्हणून हा भाग मला मध्यम वाटला. साथीदार कोण हे शोधण्याचा उत्तरार्ध घाईत उरकला आहे, आणि तरुण मुलांनी शेवटच्या पंधरा मिनिटांत मोबाईल बाहेर काढले, यात त्यांचा फारसा दोष नव्हता.

परंतु आमच्या गटाने हा भाग खुनासाठी पाहिलाच नाही. या भागात होम्सला नशा सोडून एक वर्ष पूर्ण होत आहे आणि अल्फ्रेडोची इच्छा आहे की त्याने सभेत येऊन वर्षपूर्तीचा बिल्ला सर्वांसमोर स्वीकारावा. होम्स टाळतो. असल्या समारंभांत आपल्याला रस नाही, असे तो भासवतो, आणि त्याचा तिरसट स्वभाव माहीत असल्यामुळे प्रेक्षक ते खरे मानतो. खरे कारण शेवटी वॉटसनपुढे उघड होते : उपचार सुरू झाल्यानंतरही त्याने एकदा नशा केली होती, म्हणून सगळे जो दिवस मोजतात तो चुकीचा आहे आणि त्याचे वर्ष प्रत्यक्षात एका दिवसाने उशिरा भरते. बुटावरच्या चिखलावरून माणसाचा मुक्काम ओळखणारा गुप्तहेर बारा महिने स्वतःच्या तारखेबाबत खोटा हिशेब बाळगतो, आणि भागातील सर्वांत चांगले रहस्य हेच आहे.

हे मी सांगून संपवले आणि समाजमंदिरात काही वेळ कोणीच बोलले नाही. मग आमच्या गटातील एक गृहस्थ, ज्यांची दारू सुटल्याचा दिवस आम्ही दोन वर्षे पोळ्याला साजरा करतो, उठून उभे राहिले. विदर्भात पोळा श्रावण अमावास्येला असतो आणि दुसऱ्या दिवशी लाकडी बैलांचा तान्हा पोळा. त्या दिवसाला कर म्हणतात आणि करीच्या दिवशी गावात काय चालते, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. त्यांनी पोळ्याला बैलांच्या साक्षीने शपथ घेतली होती. “माही तारीख पोळ्याची नाही,” ते म्हणाले, “करीले एक डाव घेतली होती. मोजाची असन त करीच्या दुसऱ्या दिवसापासून मोजा.” त्यांची बायको तिसऱ्या रांगेत बसली होती. ती पदराआडून म्हणाली, “मले त तेव्हाच मालूम होतं. म्या म्हटलं, जाऊ दे, एका दिवसानं काय होते.” यावर जो वाद झाला तो मालिकेतील वादापेक्षा चांगला होता. काहींचे म्हणणे असे की दोन वर्षांच्या कोरडेपणापुढे एक दिवस म्हणजे पोत्यातला दाणा; काहींचे म्हणणे असे की लपवलेला दिवसच पुढे दुसऱ्या दिवसाला बोलावतो. मी दुसऱ्या बाजूचा आहे, आणि या भागाचे लेखनही, माझ्या समजुतीप्रमाणे, त्याच बाजूचे आहे. कारण ज्या भागात खलनायक दुसऱ्यांच्या गुपितांवर जगतो, त्याच भागात नायकाच्या खिशातही एक गुपित ठेवणे हा योगायोग नसावा.

बायकांची प्रतिक्रिया मात्र वेगळी आणि मालिकेला अडचणीत आणणारी होती. वॉटसनचे काम मी समजावून सांगितले : व्यसनी माणसासोबत राहायचे, त्याच्यावर नजर ठेवायची, त्याला सभेला न्यायचे आणि याबद्दल पगार घ्यायचा. त्यावर हशा पिकला. “हेच काम म्या अठरा वर्स केलं,” एक जण म्हणाली, “माहा पगार कोणं देल्ला?” विनोद सोडून दिला तरी आक्षेप खरा आहे. या होम्सच्या मागे श्रीमंत बाप आहे, राहायला प्रशस्त घर आहे, आणि त्याच्या नशेमुळे कोणाचे मंगळसूत्र गहाण पडलेले किंवा कोणाच्या कापसाचे पैसे घरी पोहोचण्याआधी संपलेले दिसत नाहीत. व्यसनमुक्तीची कथा एका माणसाच्या मनात घडते असे या भागाला वाटते. आमच्याकडे ती घरात घडते, आणि सर्वांत उशिरा त्या माणसाच्या मनात.

अनामिकतेचा मुद्दाही असाच. ज्या सभांमध्ये अल्फ्रेडो होम्सला नेऊ पाहतो, त्यांची परंपरा १९३५ साली ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांनी सुरू केलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसपर्यंत जाते, आणि तेथे आडनाव न सांगण्याची रीत आहे. चारशे उंबऱ्यांच्या गावात आडनाव लपवून काय होणार? म्हणून पुरुषांपैकी एकाने विचारले की त्या मिल्व्हर्टनला आमच्या गावात पैसे देणार कोण, सगळ्यांना सगळ्यांचे माहीत आहे. आशा सेविकेने त्याला तेथेच थांबवले. दारूचे गुपित गावाला माहीत असते हे खरे, पण मुलीच्या चित्रफितीचे तसे नाही, आणि मोबाईल आता प्रत्येक पोराच्या हातात आहे, असे ती मोबाईल काढून बसलेल्या पोरांकडे पाहूनच म्हणाली. मुलांनी मोबाईल खिशात ठेवले.

एक उणीव मला गंभीर वाटते. नशा सोडताना शरीराचे काय होते, याबद्दल हा भाग जवळजवळ मौन पाळतो. अनेक वर्षे रोज दारू पिणाऱ्याने ती एकदम बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, भास होणे, झटके येणे असे प्रकार होऊ शकतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचे असते. मालिकेने आरोग्यशिक्षण द्यावे अशी माझी अपेक्षा नाही, पण गटासमोर हा भाग दाखवणाऱ्याने ही गोष्ट स्वतः सांगावी. मी सांगितली.

दाखवायचा असल्यास आणखी दोन सूचना कराव्याशा वाटतात. अत्याचाराचा विषय असल्यामुळे लहान मुलांना बसवू नये. आणि भाग रात्री ठेवू नये. आमच्याकडे आलेल्या बायकांपैकी निम्म्या स्वयंपाकासाठी मध्येच उठून गेल्या आणि शेवटची कबुली त्यांना दुसऱ्या दिवशी विहिरीवर ऐकावी लागली.

दुसऱ्या पर्वातील ‘नो लॅक ऑफ व्हॉइड’ हा भाग यानंतर पाहावा, असे तरुणांनी सुचवले आहे. त्यात होम्सचा जुना मित्र, बराच काळ व्यसनापासून दूर राहिलेला माणूस, पुन्हा हेरॉइन घेतो आणि मरतो, आणि त्याने ते का घेतले याचे समाधानकारक उत्तर होम्सला शोधूनही मिळत नाही. कलाकृती म्हणून तो या भागापेक्षा सरस आहे. तो मी एकट्याने पाहून ठेवला आहे. गटाला दाखवायचा की नाही, याबद्दल पोळ्याची तारीख बदलून घेतलेल्या त्या गृहस्थांशी आणि त्यांच्या बायकोशी आधी बोलणार आहे.