चंपाची टूर्नामेंट की टूर्नामेंट ऑफ पॉवर: वेळ कमी असेल तर कुठली तयारी बघायची?

ड्रॅगन बॉल सुपर हे जपानी ॲनिमे एकूण 131 एपिसोडचं आहे आणि त्यात देवांच्या भांडणातून दोन टूर्नामेंट होतात. मारामारी दोन्हीकडे भारीच आहे, तो प्रश्नच नाही. लोक सोडून देतात ते त्याच्या आधी, टीम जमवणं, ट्रेनिंग, नियम वगैरे चाललेलं असतं तेव्हा. म्हणून तेवढ्याचीच तुलना करतो.

पहिली युनिव्हर्स 6 विरुद्ध 7, एपिसोड 28 पासून. ही सरळसरळ भाऊबंदकी आहे. युनिव्हर्स 7 चा बीरस आणि 6 चा चंपा जुळे भाऊ, दोघंही विनाशाचे देव, आणि भेटले की कोणाकडचं खाणं भारी यावरून जुंपते. बीरसने पृथ्वीवरचं कप रामेन खायला घातलं, चंपा येडाच झाला, मग स्वतःच्या युनिव्हर्समधली पृथ्वी शोधायला गेला तर तिथली माणसं आपसात लढून कधीच संपलेली. मग काय, तुझी पृथ्वी मला दे! पैज अशी की चंपा जिंकला तर पृथ्वी त्याची, बीरस जिंकला तर चंपाने जमवलेले सहा सुपर ड्रॅगन बॉल (सातही जमले की इच्छा पूर्ण करणारे गोळे) बीरसचे, आणि एकेका बॉलचा व्यास 37 हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे पृथ्वीच्या जवळपास तिप्पट. पृथ्वीवाल्यांना कोणी विचारलंही नाही हे वेगळं सांगायला नको.

तयारी चार-पाच एपिसोडमध्ये उरकते. पाच विरुद्ध पाच फायटर. आपल्या बाजूचे हिरो गोकू आणि व्हेजिटा टाइम चेंबरमध्ये बसून बाहेरच्या तीन दिवसांत आतली तीन वर्षं ट्रेनिंग करतात, आणि ते फारसं दाखवलेलं नाही, मला तर बरंच वाटलं. तिकडे व्हेजिटाची बायको बुल्मा अंतराळ पोलीस जाकोला घेऊन सर्वज्ञानी झुनोकडे सातव्या बॉलचा पत्ता विचारायला जाते. बेस्ट पार्ट म्हणजे फाइटच्या आधी चक्क लेखी परीक्षा! गोकू कसाबसा पास, आणि माजिन बू पेपर समोर ठेवून झोपला आणि टीममधून बाद. बीरसने आणलेल्या मोनाका या फायटरबद्दल काही सांगत नाही, ते स्वतः बघा.

दुसरीत, म्हणजे टूर्नामेंट ऑफ पॉवरमध्ये, तयारी एपिसोड 77 ते 96, म्हणजे तब्बल वीस एपिसोड, आणि खरी टूर्नामेंट 97 ला सुरू. इथे भाऊ-भाऊ बाजूला पडतात कारण वरून सगळ्या देवांचा राजा झेनो बसलाय आणि हरणारं अख्खं युनिव्हर्स पुसून टाकणार आहे. आठ युनिव्हर्स, प्रत्येकी दहा फायटर, 48 मिनिटं. बाकीचे देव गोकूवर जाम भडकलेले, कारण टूर्नामेंटची आठवण झेनोला यानेच करून दिली.

आता वीस एपिसोड जास्त होतात का? होतात, थोडे. पण जुन्या कॅरेक्टरवर जीव असेल तर हाच भाग सोनं आहे. क्रिलिनला पुन्हा लढायची हिंमत कशी येते, अँड्रॉइड 17 बेटावर प्राण्यांची राखण करतोय आणि गोकू तिथे त्याला मनवायला जातो, पिकोलो गोहानला परत घासून तयार करतो, हे सगळं चंपावाल्यात नाहीच कारण तिथे तेवढा वेळच नव्हता. आणि बू? मस्त ट्रेनिंग करून बारीक होतो आणि ऐन वेळी परत झोपतो!! त्याच्या जागी गोकू थेट नरकातून जुना व्हिलन फ्रीझाला आणतो. तिथून पुढे कोण कोणाला कधी दगा देईल याचं जे टेन्शन राहतं ते पहिल्या टूर्नामेंटमध्ये कुठेच नाही.

माझं मत विचाराल तर नवीन असाल आणि हातात एकच वीकेंड असेल तर चंपावाली घ्या. हलकी आहे, विनोदी आहे आणि देवांचं वैर तिथेच खरं दिसतं, दुसरीत ते भीतीखाली दबून जातं. जुनी सिरीज बघितली असेल तर मात्र डोळे झाकून दुसरी, आणि फारच घाई असेल तर निदान 79 ते 81 ची एक्झिबिशन मॅच (झेनोसमोरची नमुना लढत), 17 चे 86-87 आणि फ्रीझाचे 92 ते 95 एवढे तरी स्किप करू नका.

आणि ज्यांना फक्त देव एकमेकांना धुताना बघायचेत त्यांनी ॲनिमेत शोधत बसू नका, टोयोतारोचा मंगा घ्या. त्यात एक्झिबिशन मॅचला बाराही युनिव्हर्सचे विनाशाचे देव स्वतः उतरतात आणि बरेच जण मिळून बीरसवरच तुटून पडतात.