गाडी उंच झाली, ट्रॅव्हल मात्र घटलं : साताऱ्यात जिप्सीच्या सस्पेन्शनच्या कामात झालेली माझी फसवणूक

जिप्सी, एमएम ५४० किंवा पाट्यांवरची (म्हणजे एकावर एक लोखंडी पानं रचलेल्या स्प्रिंगांवरची) कुठलीही फोर बाय फोर गाडी तुमच्याकडे असेल आणि पावसाळ्याआधी सस्पेन्शनचं ट्रॅव्हल वाढवून घ्यायचा विचार चालू असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे ५८ हजार गेले. ते एक वेळ मी सोडून देईन. पण ठोसेघरच्या वरच्या अंगाला, मुलगी शेजारी बसलेली असताना मागच्या ब्रेकचा होज, म्हणजे ब्रेक ऑइलची रबरी नळी, ताणून गळायला लागला, ते मी सोडणार नाही.

आमची थोडी जमीन चाळकेवाडीच्या पठाराच्या अलीकडे आहे. पवनचक्क्यांचा मुख्य रस्ता सोडला की आमच्या बांधापर्यंत जांभ्या दगडाची कच्ची वाट. जुलैमध्ये तिथं ट्रॅक्टरच्या गुडघाभर चाकोऱ्या पडतात. एक पुढचं चाक आणि त्याच्या तिरकं मागचं चाक अधांतरी झालं की फोर बाय फोर टाकूनही गाडी जागची हलत नाही, कारण दोन चाकांत जोर वाटणारा साधा डिफरेन्शियल सगळा जोर मोकळ्या फिरणाऱ्या चाकातच घालवतो. चाक जेवढं जास्त खाली लोंबेल आणि जेवढं जास्त वर दबेल, तेवढं ते जमिनीला धरून राहतं. त्या वर-खाली होण्याला ट्रॅव्हल म्हणतात. मला ते हवं होतं. गाडी उंच दिसायची हौस मला नव्हती, आणि हे मी गॅरेजवाल्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं.

त्याचं गॅरेज साताऱ्यातच, हायवेपासून फार लांब नाही. नाव इथे देत नाही, कारण माझी तक्रार चालू आहे. माणूस बोलायला एकदम गोड. "दादा, चार इंच ट्रॅव्हल वाढवून देतो, गाडी चिखलात मगरीसारखी चालंल," म्हणाला. नवे पातळ पानांचे पाटे, लांब स्ट्रोकचे परदेशी शॉकअप, लांब ब्रेक होज आणि फिटिंग, सगळं मिळून ५८ हजार. त्यातले चाळीस आधी. तेही गॅरेजच्या नावावर नव्हे, 'भाच्याच्या' नंबरवर यूपीआयने. बिल मागितलं तर म्हणाला, काम झाल्यावर एकदमच देतो. शेवटी मिळालं ते वहीचं फाडलेलं पान. त्यावर फक्त 'लिफ्ट काम' आणि आकडा.

काम चालू असताना तो व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा. नवे कोरे शॉकअप, खोके, स्टिकर. मी खूश. खूप नंतर एकदा ते फोटो मोठे करून पाहिले. फोटोत खाली चकचकीत फरशी होती, आणि या माणसाच्या गॅरेजमध्ये फरशी नावाला नाही, सगळी तेलाने काळी झालेली माती आहे.

एप्रिलअखेर गाडी ताब्यात मिळाली. चांगली तीन इंच उंच झाली होती. जुने पाटे आणि शॉकअप मागितले, तर "भंगारवाला कालच घेऊन गेला" असं उत्तर. यवतेश्वरचा घाट चढताना जाणवलं की गाडी कडक झालीय, प्रत्येक खड्डा कमरेत बसतोय, आणि सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग सारखं धरून ठेवावं लागतंय. विचारलं, तर "नवे पाटे आहेत दादा, हजार किलोमीटरमध्ये बसतील" म्हणाला. मी विश्वास ठेवला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच वाटेवर डावं मागचं चाक चाकोरीत उतरलं आणि खालून खाडकन आवाज आला. उतरून पाहिलं तर शॉकअपची खालची पिन मुळापासून तुटलेली. चेसिसवरून एक्सलवर येणारा ब्रेकचा रबरी होज तारेसारखा ताठ, आणि टोकाशी ओला. बोट लावून वास घेतला, ब्रेक ऑइलच होतं. त्या उतारावर पेडल एकदम खाली गेलं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजून रात्री येतो. पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून ठोसेघरपर्यंत आलो. मुलीला सज्जनगडच्या फाट्यापर्यंत एसटीने पाठवलं.

खरं काय ते कऱ्हाडला कळलं. तिथले एक वयस्कर पाटेवाले मिस्त्री गाडीखाली गेले आणि पाच मिनिटांत बाहेर आले. "आवं, ह्यात नवं काय बी न्हाई." माझेच जुने पाटे थंडेच ठोकून कमान वाढवली होती. असे पाटे पुन्हा बसतात, आणि बसलेही होते : तीन इंचातला एक इंच अडीच महिन्यांत गेला होता. त्यात कुठल्या तरी जड गाडीचं एकेक जाड पान घुसवलेलं. बाकीची उंची लांब शॅकलची, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या पट्टीची. "शॅकल जेवढी लांब कराल, त्याच्या निम्मी उंची मिळती," मिस्त्री म्हणाले. "पट्टीचा तुकडा, दोन भोकं. ह्याला कितीसं पैसं लागत्यात?"

मग त्यांनी खिळ्याने शॉकअप खरवडला. वरच्या लाल रंगाखाली काळा रंग, त्याखाली गंज, आणि गंजाखाली कंपनीचा मूळ शिक्का. माझेच जुने शॉकअप, रंग मारून आणि स्टिकर चिकटवून परत बसवलेले.

इथेच सगळी गोम आहे. चेसिस वर उचलली, पण शॉकअप तेवढाच ठेवला, तर गाडी सपाट रस्त्यावर उभी असतानाच तो जवळजवळ पूर्ण ताणलेला असतो. चाकाला खाली लोंबायला जागाच उरत नाही. खड्ड्यात एक्सलचं सगळं वजन शॉकअपच्या पिनेवर येतं, म्हणून ती तुटली. वरच्या बाजूला जाड पानामुळे पाटा दबत नाही, कारण पानाची जाडी दुप्पट केली तर त्याचा कडकपणा आठपट होतो. म्हणजे खालचंही गेलं आणि वरचंही.

मिस्त्रींनी ते मोजूनच दाखवलं. होज आणि पिन बदलल्यावर एका मित्राची, कंपनीतून आली तशीच असलेली जिप्सी बोलावली. चेन ब्लॉकने पुढचं डावं चाक उचलत गेले आणि मागच्या डाव्या चाकाखाली वर्तमानपत्राचा कागद सरकवून बघत राहिले. मागचं चाक जमिनीवरून उचललं की कागद सुटतो, आणि तो जेवढ्या जास्त उंचीवर सुटेल तेवढं ट्रॅव्हल जास्त. मित्राच्या गाडीचा कागद १३ इंचांवर सुटला. माझ्या उंच केलेल्या गाडीचा साडेआठवर. ५८ हजार देऊन मी साडेचार इंच गमावले होते. हीच चाचणी काम करायच्या आधी आणि नंतर मी साताऱ्यात केली असती, तर हा माणूस त्याच दिवशी सापडला असता. चाचणीला अर्धा तासही लागत नाही.

पैसे मागायला गेलो तेव्हा त्याचा सूर बदलला. "तक्रार करा की. गाडी मॉडिफाय केली म्हणून आरटीओ तुमचीच धरंल." या धमकीवरच असल्या लोकांचा धंदा चालतो. त्यात तथ्य आहे, तेही लपवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी त्यावर बोट ठेवू शकते. माझ्या हातून ती चूक झाली. पण नवे म्हणून जुनेच शॉकअप रंगवून विकणं ही फसवणूक आहे, आणि माझी गाडी कशी का असेना, त्याने ती फसवणूकच राहते. ओळखीच्या वकिलांनी हेच सांगितलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तिथे अर्ज दिला आहे. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपचे फोटो आणि मिस्त्रींनी खरवडलेल्या शॉकअपचे फोटो जोडलेत. वहीच्या त्या पानाने मात्र काही सिद्ध होत नाही. म्हणून शॉकअपचा मेक, मिटलेली आणि ताणलेली लांबी, पाट्यांची पानं किती आणि किती जाडीची, हे बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायला जो नकार देतो त्याच्याकडून गाडी परत आणा. जुने पार्ट त्याच दिवशी डिकीत टाका.

गाडी आता परत मूळ उंचीवर आहे, कऱ्हाडच्या नव्या पाट्यांवर. कागद सव्वातेरावर सुटला. ते लाल रंगवलेले चार शॉकअप पोत्यात बांधून घरी ठेवलेत, आयोगाने मागितले की न्यायचे आहेत. तोपर्यंत साताऱ्यात कुणाला असलं काम करायचं असेल आणि समोरचा 'परदेशी' माल दाखवत असेल, तर आधी घरी या आणि ते हातात घेऊन बघा. खिळा मी देतो.