एक्स-रे स्ट्रीक कॅमेरा: काही महिने रोज वापरल्यानंतर

फेम्टोसेकंद लेसरने (अत्यंत छोट्या स्पंदनांच्या लेसरने) तापलेल्या धातूतून क्ष-किरण नेमके किती वेळ निघतात, ते मोजायला आमच्या लॅबने हा कॅमेरा घेतला. क्ष-किरण कॅथोड नावाच्या पातळ थरावर पडले की इलेक्ट्रॉन निघतात; कॅमेरा त्यांना झपाट्याने बाजूला झुकवतो (हा ‘स्वीप’), त्यामुळे आधी निघालेले आणि नंतरचे पडद्यावर वेगवेगळ्या जागी पडतात आणि रेघेच्या जाडीवरून वेळ कळतो. उन्हाळ्यापासून रोज चालतोय. यंत्र दणकट आहे, पैसे वसूल आहेत. फक्त कॅमेरा किती बारीक वेळ ओळखतो, याच्या माहितीपत्रकातल्या पिकोसेकंदाच्या (सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) आकड्यावर भिस्त ठेवू नका.

तो आकडा बऱ्याचदा अतिनील प्रकाशावर काढलेला असतो. 266 नॅनोमीटरचा फोटॉन सोन्याच्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन जेमतेम बाहेर ढकलतो, म्हणून सगळे जवळपास सारख्याच वेगाने निघतात. क्ष-किरण पडले की कॅथोडमधून निघणाऱ्या (दुय्यम) इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत काही इलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे ऊर्जेचं एकक) फरक असतो. ते मागेपुढे पोचतात आणि पडद्यावरची रेघ जाड होते. त्यामुळे खरेदीआधी ‘कुठल्या प्रकाशावर मोजलंत?’ हे विचाराच.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो कॅथोड आणि त्याच्यापुढच्या, इलेक्ट्रॉन ओढून घेणाऱ्या जाळीमधलं विद्युतक्षेत्र वाढवून. मिलिमीटरला 1 किलोव्होल्ट असताना शून्य आणि 1 इलेक्ट्रॉनव्होल्टने निघालेल्या इलेक्ट्रॉनांत साधारण 3.4 पिकोसेकंदांचं अंतर पडतं. 10 किलोव्होल्टला ते 0.34 वर येतं. पण कॅमेऱ्यातला निर्वात जरा बिघडलेला असला की ठिणगी उडते आणि जाळी जाते. व्होल्टेज टप्प्याटप्प्याने चढवा, निर्वात मोजणाऱ्या गेजचा काटा स्थिरावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सिझियम आयोडाइडचा कॅथोड सोन्यापेक्षा कितीतरी जास्त इलेक्ट्रॉन देतो, ऊर्जेतला फरकही कमी. पण मुंबईच्या पावसाळ्यात तो दमट हवेला टिकत नाही. जून ते सप्टेंबर आम्ही सोनंच वापरतो.

झगझगीत रेघ दिसली की बरं वाटतं, पण इलेक्ट्रॉन फार झाले की एकमेकांना ढकलतात आणि वेळेची माहिती पुसली जाते. क्ष-किरण कमी करायला कॅमेऱ्यासमोर ॲल्युमिनियमची पातळ फॉइल लावली तेव्हा रेघ फिकी झाली, आणि बघता बघता बारीकही! मग अनेक शॉट एकावर एक साठवायचे. इथे कॅमेऱ्यासोबत आलेलं ट्रिगर युनिट (दर शॉटला स्वीप सुरू करणारं) अगदीच कमी पडलं: दर शॉटला रेघ इकडेतिकडे सरकायची, आणि कंपनीकडून धड उत्तर मिळेना. लेसरनेच चालणारा गॅलियम आर्सेनाइडचा स्विच बसवल्यावर ती जागेवर राहिली. नव्याने घेणाऱ्यांनी हा स्विच पहिल्याच ऑर्डरमध्ये घालावा.

स्वीपचा वेग रोज सकाळी तपासतो. अतिनील स्पंदन दोन भागांत विभागायचं, एका भागाच्या वाटेतला आरसा 1.5 मिलिमीटर मागे घ्यायचा; जाऊन-येऊन वाट 3 मिलिमीटर वाढते, म्हणून दोन रेघांत 10 पिकोसेकंदांचं अंतर पडायला हवं.